दारातल्या गटारापायी

आमच्या गावात गटार आहे, आणि ते माझ्या दारात संपतं.

गटार संपतं, पाणी संपत नाही. वरच्या आळीतल्या न्हाण्यांचं, धुण्याभांड्यांचं आणि म्हशी धुतलेलं पाणी शिस्तीत उताराला लागतं, माझ्या फाटकापाशी येतं आणि पुढं वाटच नाही म्हटल्यावर तिथंच मुक्कामाला राहतं. पाहुणे चपला हातात घेऊन घरात येतात. (काही पाहुणे यायचेच बंद झाले, तेवढा एक फायदा.)

हे असं का, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. आमच्या गावचे पुढारी म्हणजे बापू. त्यांना मी एक जुना ट्रॅक्टर विकला होता. माझा धंदाच तो. जुने ट्रॅक्टर, जुन्या पिकअप गाड्या घ्यायच्या, धुऊन-पुसून रंग मारायचा आणि विकायच्या. शेळ्यांच्या बाजारात दलालांच्या मागं फिरत मी सौदा शिकलो, आणि आज कडेगावच्या रस्त्याला माझं स्वतःचं पत्र्याचं शेड आहे. कुणी दिलेलं नाही, कमावलेलं आहे. तर बापूंचा ट्रॅक्टर पहिल्याच पावसात उसाच्या फडात बसला, तो दिवाळीपर्यंत उठला नाही. बापू तावातावानं शेडवर आले.

मी म्हणालो, "बापू, इकताना मी तुमास्नी इंजान दावलं हुतं. तुमचं नशीब न्हाई दावलं."

पुढच्याच वर्षी गटार आलं. वरच्या आळीपासून झोकात निघालं आणि माझ्या दारात आल्यावर निधी संपला. संपायला जागा बघा! मी ग्रामपंचायतीत जाऊन भांडलो, रस्त्यावर भांडलो, बापूंच्या पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतही भांडलो. (जिलेबी चांगली होती, हे मी तिथंही मान्य केलं.) बापू शांतपणे म्हणाले, "रंगराव, तुला गटार दावलं हुतं. तुझं नशीब न्हाई दावलं."

तेव्हापासून माझं पित्त जे खवळलं ते आजपर्यंत खाली बसलेलं नाही.

मग निवडणूक लागली. सरपंचपद महिलेसाठी राखीव. बापूंनी आपल्या सूनबाईंना उभं केलं आणि विरोधी पॅनेलच्या तात्यांनी आपल्या मंडळींना. दोघांचे फलक चौकात लागले. एकावर बापूंचा फोटो बैलाएवढा, दुसऱ्यावर तात्यांचा म्हशीएवढा, आणि खाली कोपऱ्यात ज्या बाईला मत द्यायचं तिचा फोटो तिकिटाएवढा. मी माणूस पारखतो तो गाडी पारखल्यासारखा. बापू म्हणजे नवा रंग मारलेला जुना ट्रॅक्टर. बघायला झकास, पण धूर किती मारतो ते मागं बसणाऱ्याला विचारा. तात्यांचं इंजिन बरं आहे, पण ते स्टार्टरवर सुरू होत नाही. दरवेळी चार माणसांनी ढकलावं लागतं, आणि सुरू झालं की तात्या ढकलणाऱ्यांना तिथंच सोडून पुढं जातात.

दोघंही माझ्या घरी मतं मागायला आले. दोघंही पाण्यातून चपला हातात घेऊन आले, आणि दोघांनीही तेच सांगितलं.

"रंगराव, निवडून येऊ दे, पयलं काम तुझ्या दारातलं गटार!"

आता मी बाजारात वाढलेला माणूस. मतदानाचा दिवस मावळला की माझ्या मताला रद्दीचाही भाव येणार नाही, हे मला कळत होतं. मत देऊन मग काम मागणं म्हणजे म्हैस आधी गिऱ्हाइकाच्या गोठ्यात बांधायची आणि मग भाव बोलायचा. त्यापेक्षा जिन्नस असा पाहिजे की जो आत्ता आपल्या हातात आहे आणि त्यांना आत्ता हवा आहे. असा एकच जिन्नस असतो: माघार. तिसरा उमेदवार उभा राहिला की दोन्ही पुढाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. त्यानं माघार घ्यावी म्हणून लोक काय काय कबूल करतात, ते मी आजूबाजूच्या गावांत पाहिलं होतं.

मी शेडवरून घरी आलो. बायको, शालन, फाटकापाशी बादलीनं पाणी उपसत होती. रोज सकाळी उपसते. बादली भरायची, पलीकडच्या ओढ्यात ओतायची, परत यायचं. ती शिराळ्याकडची. नागपंचमीला जिथं जिवंत नाग खेळवतात त्या गावची मुलगी नागाला भीत नाही, ती मला काय भिणार?

"शालन, तुला सरपंचाला उभं राहायचंय."

"आन पडले तर?"

"पडायचा प्रश्नच न्हाई. माघारीच्या दिवशी अर्ज काढून घ्यायचा. त्याच्या बदल्यात गटार घ्यायचं. बास!"

"म्हंजी उभं राहायचं ते बसायसाठी?"

"आता कळलं तुला राजकारण!"

तिनं बादली खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "माघारीच्या कागदावर सही कुणाची लागती?"

"तुझीच."

"मग बरं," ती म्हणाली.

त्या "मग बरं"चा अर्थ मी तेव्हा लावला नाही. मी जुन्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज ऐकून सांगतो की आत काय बिघाड आहे. पण घरातला आवाज ऐकायला मला कधी वेळ मिळाला नव्हता.

अर्ज भरला आणि गावात खळबळ उडाली. तात्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि कानात सांगितलं, "गड्या, काढू नगंस अर्ज. तुझी मंडळी बापूचीच मतं खाईल." म्हणजे इथून काही मिळणार नव्हतं. राहिले बापू.

माघारीचा दिवस उजाडला. तालुक्याच्या कचेरीत दुपारी तीनपर्यंत मुदत. शालनला मी आवारातल्या लिंबाखाली कट्ट्यावर बसवलं, शेजारी जेवणाचा डबा ठेवला आणि सांगितलं, "मी हाक मारली की आत जायचं आन सही करायची. तवर हलायचं न्हाई."

रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर बापू बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी बाकावर जागा केली. पुढं जे झालं ते माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात झकास सौद्यांपैकी एक होतं. (निदान अडीच वाजेपर्यंत तरी.)

"बोल, रंगराव. काय म्हणतोस?"

"गटार."

"दिलं. तुझ्या दारापतूर हायच की."

"बापू, चेष्टा नगा! दाराम्होरनं पार वढ्यापतूर पायजे."

"वढ्यापतूर दिलं."

"वरनं फरशी."

"फरशी दिली."

"फरशीवरनं ट्रॅक्टर गेला पायजे."

"तुझा का माझा?" बापू म्हणाले. "माझा जात न्हाई कुठंच."

मी ते मनावर घेतलं नाही. सौद्यात राग नसतो. तो मी नंतर काढतो. "आन कोपऱ्याव खांब, त्याला दिवा."

"दिला. चल आता, उठ, वहिनीस्नी आत घिऊन जा. वेळ झाली." आणि बापूंनी घड्याळ बघितलं.

इथं माझं चुकलं. पण चुकलं ते धंद्यातल्या हुशारीमुळं चुकलं, हे आधी सांगतो. बाजारात गिऱ्हाईक घड्याळ बघतं ते वेळ कळावी म्हणून नाही. विकणाऱ्याला घाई व्हावी म्हणून. "मला गाडी धरायची हाय, काय ते शेवटचं सांग" हे मी लाखदा ऐकलंय आणि त्याहून जास्त वेळा म्हटलंय. त्यात बापूंनी एवढं सगळं एका दमात कबूल केलं होतं. ज्यानं एवढं पटकन दिलं, त्याच्याजवळ अजून शिल्लक असणार! मी चहाचा पेला खाली ठेवला.

"आन वरच्या आळीला सिमेंटचा रस्ता झालाय, तसा आमच्या दारात बी."

"आरं बाबा, घड्याळ बघ!"

"दावू नगा मला घड्याळ! मी असली लय घड्याळं इकल्यात."

"रस्त्याचं मागनं बघू. तू आधी सही तर आण."

"मागनं नाय, आत्ता! जमत नसंल तर ऱ्हायलं."

आणि मी उठलो. उठून चालायला लागलो. हे आमच्या धंद्यातलं शेवटचं हत्यार. सौदा अडला की उठायचं, पाठ फिरवायची आणि हळूहळू चालायचं. मागं वळून बघायचं नाही. रस्त्याचं वळण यायच्या आत गिऱ्हाईक हाक मारतंच. आजवर एकानंही चुकवलेलं नाही. मी चालत राहिलो. वळण जवळ आलं. हाक आली नाही. मी चपलेचा अंगठा नीट केला. हाक नाही. एका दुकानाबाहेर लोखंडी कपाटं मांडली होती, त्यातल्या एकाचं दार उघडून बघितलं, लावलं, परत उघडलं. हाक नाही.

मग आली. मला वाटलं होतं त्याहून मोठ्यानं आली.

"रंग्याऽऽ! दिला रस्ता! पळ की रं, मुडद्या!"

काय गोड हाक होती! मी मुद्दाम आणखी चार पावलं टाकली, तेवढा मान राखावाच लागतो, आणि मग सावकाश मागं वळलो. बापू माझ्याकडं पळत येत होते. धोतर हातात धरून बापू पळताहेत, हे दृश्य मी डोळे भरून पाहिलं. मग मीही पळालो. दोघं पळत कचेरीच्या आवारात शिरलो. शालन कट्ट्यावर बसून डबा पुसत होती.

"चल, चल! सही!"

"कसली?"

"माघारीची!"

तिनं कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. "ते साहेब आत्ताच भाईर यिऊन सांगून गेले की, मुदत संपली म्हणून. मी तुमच्या हाकंची वाट बघत बसले. हलायचं न्हाई म्हणलं हुतं न्हवं तुमी?"

बापू कट्ट्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढली. मी आत जाऊन साहेबांशी घासाघीस करून बघितली. "पाच मिन्टं म्हंजी काय वो? गावाकडं पाच मिन्टाला कोण इचारतं?" साहेबांनी नम्रपणे सांगितलं की इथं विचारतात. मग मी चढ्या आवाजात बोललो, तेव्हा त्यांनी नम्रपणे पोलिसांना बोलावलं.

त्याच संध्याकाळी चिन्हं वाटली. मला वाटलं होतं ट्रॅक्टर, निदान रोडरोलर, काहीतरी वजनदार मिळेल. मिळाली बादली.

"बादली?" मी ओरडलो. "ही काय निशाणी हाय? लोक हसतील!"

"हसू द्या," शालन म्हणाली. "माझ्या वळकीची हाय."

आता माघार नाही म्हटल्यावर माझ्या पुढं एकच प्रश्न होता: अब्रू. बायकोला घरच्याच लोकांपुरती मतं पडली, तर जुना ट्रॅक्टर घ्यायलाही कुणी शेडवर येणार नव्हतं. मी फलक केला. त्यावर माझा फोटो बैलाएवढा आणि शालनचा तिकिटाएवढा. (पद्धतच तशी, मी काय करू?) शालननं तो बघितला, काढला आणि न्हाणीच्या छपराला लावला. तिथं त्याचा पावसात उपयोग झाला, पण माझं तोंड खाली करून लावला होता.

मी प्रचाराला निघालो. शेजारी सुभेदार नाना, पलटणीतून रिटायर झालेले, यांच्यापासून सुरुवात केली.

"नाना, मत कुणाला?"

"सीक्रेट बॅलट है, रंगराव. सांगता येत न्हाई."

"आवं, मी शेजारी हाय!"

"शेजारी हायस म्हणूनच सांगत न्हाई."

पुढच्या घरात मी मत मागितलं; त्यांनी मी मागच्या वर्षी विकलेल्या पिकअपच्या ब्रेकचं काढलं. त्याच्या पुढच्या घरात ब्रेकचं नाही, सायलेन्सरचं. तिसऱ्या घरात मी रागानं सांगितलं, "गाडीचा आन मताचा काय संबंध? आडाणी हाय का तुमी?" ते घर पूर्ण गेलं. संध्याकाळी शालननं मला समोर बसवलं.

"आवं, तुमी माझं एक काम कराल?"

"सांग. सभा घिऊ?"

"तुमी प्रचाराला जाऊ नगा. एवढं केलं तरी लय झालं."

आणि तिनं स्वतः काय केलं? काही नाही! सकाळी उठायची, बादली घ्यायची, पाणी उपसायची. आमचं घर डेअरीच्या वाटेवर. दूध घालायला जाणारा सगळा गाव तिला रोज बघायचा. बायका थांबायच्या, किटली खाली ठेवायच्या, तिच्याशी बोलायच्या. मी शेडवरून तळमळत होतो. निवडणूक तोंडावर आली आणि ही बाई पाणी उपसत बसलीय!

मतदानाच्या दिवशी मात्र मी ऐकलं नाही. आळीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना केंद्रावर न्यायचंच, असं मी ठरवलं. शेडवरची सगळ्यात चांगली पिकअप काढली. (एकाच मालकानं वापरलेली, असं मी तिच्याबद्दल सगळ्यांना सांगत होतो. तो मालक कितवा ते सांगत नव्हतो.) पण लोकांना मत द्यायला घराबाहेर काढणं म्हणजे रेड्याला न्हाऊ घालण्यासारखं आहे.

"आप्पा, चला मताला."

"मागल्या टायमाला दिलं की."

"आवं, दर टायमाला द्याचं असतंय!"

"गाडी कुठली?"

"पिकप."

"म्होरं बसायला मिळणार आसंल तर येतो."

पुढची काकूही म्हणाली, पुढं बसायला मिळणार असेल तर येते. तिसऱ्या घरची म्हातारीही पुढंच. शेवटी पुढच्या सीटसाठी फाटकापाशी अशी जुंपली की सरपंचपदासाठीही एवढी चुरस नव्हती. मी ओरडून ओरडून सगळ्यांना चढवलं, आप्पांना पुढं बसवलं, काकूला आप्पांच्या शेजारी बसवलं (त्यावर आप्पा लाजले), आणि रुबाबात गियर टाकला.

गाडी पुढं गेली नाही. खाली गेली.

माझ्याच दारातल्या पाण्यात, माझ्याच गाडीचं मागचं चाक रुतलं. मी रेस वाढवली तशी चाकानं सगळा चिखल उचलून मागं बसलेल्या मतदारांवर फवारला. आरडाओरडा झाला. मी खाली उतरलो तो गुडघाभर. सुभेदार नाना आपल्या ओट्यावरून म्हणाले, "रंगराव, गाडी एकाच मालकाची ना? आज त्याला कळव."

आणि तेवढ्यात समोरून बापूंची जीप आली. स्वतःचे मतदार केंद्रावर सोडून रिकामी परत चालली होती. बापूंनी सगळं दृश्य शांतपणे पाहिलं. चिखलानं माखलेल्या म्हाताऱ्या, लाजलेले आप्पा, आणि गुडघाभर गटारात उभा असलेला मी.

"चढा रं समदी," बापू म्हणाले. "मताला न्हेतो."

"ही माझी माणसं हायती!" मी ओरडलो.

"मतदार हायती गड्या. तुला विकायला आणल्यात व्हय?"

सगळे जीपमध्ये चढले. आप्पा पुढं बसले, काकूही पुढं बसली. आणि जाताना त्या सगळ्यांनी फाटकापाशी बादली घेऊन उभ्या असलेल्या शालनकडं बघितलं. तिनं कुणाला हात जोडले नाहीत, मत मागितलं नाही. गाडीचं चाक मोकळं करायला ती पाणी उपसत होती.

मतमोजणीला मी तालुक्याला गेलो ते तोंड लपवायची तयारी करून, रुमाल खिशात घेऊन. बाहेर आलो तेव्हा त्याच रुमालानं गुलाल पुसत होतो. शालन निवडून आली होती! थोडक्यात आली; पण सूनबाईही मागं आणि तात्यांच्या मंडळीही मागं. मी पहिल्यांदा आनंदानं आणि दुसऱ्यांदा संशयानं सुभेदार नानांकडं बघितलं.

"नाना, हे झालं कसं?"

"सिंपल है," नाना म्हणाले. "गावात समद्यांनी एकच इचार केला. जी बाई तुझ्यासंगट एवढी वर्सं संसार करती, तिला गाव चालवायला काय जड हाय?"

असो. माझी अब्रू वाचली (एका अर्थानं), आणि मुख्य म्हणजे आता गटार! पुढारी नको, पॅनेल नको, घासाघीस नको; सरपंच स्वतःच्या घरात! मी पहिल्या ग्रामसभेनंतर शालनची वाट बघत ओसरीवर बसलो. ती आली. पाण्यातून, चपला हातात घेऊन.

"मग? आपल्या गटाराचं काम कवा सुरू?"

"आपलं शेवटी."

मला वाटलं थट्टा करते. "शेवटी म्हंजी?"

"आधी खालच्या आळीचं पाणी, मग शाळंचा संडास, मग बाकीची गटारं. आपलं समद्यांच्या शेवटी. न्हाईतर गाव म्हणंल, सरपंचानं पयलं आपलंच दार साफ केलं."

"आगं, ह्या गटारासाठी तर तुला उभी केली!"

"उभी केली तुमी. निवडून दिलं गावानं."

"बापू तर फरशीसकट द्याला तयार झालता! वर दिवा! वर रस्ता!"

"मग घ्याचं हुतं तवाच."

मी भाव पाडला. फरशी सोडली. दिवा सोडला. रस्ता सोडला. ओढ्यापर्यंत नको, नुसतं फाटकाच्या पुढं चार हात तरी काढ म्हणालो. ती भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला नाही की भाव हलला नाही. असलं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. शेवटी मी आमच्या धंद्यातलं शेवटचं हत्यार काढलं.

"जमत नसंल तर ऱ्हायलं," मी म्हणालो आणि उठलो. पाठ फिरवली. हळूहळू चालायला लागलो. ओसरी संपली. अंगण संपलं. मागं वळून बघितलं नाही. फाटक उघडलं आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले. तरी मागं बघितलं नाही. थांबलो. चपलेचा अंगठा नीट करायचा होता, पण चपलाच दिसत नव्हत्या.

आणि मागून हाक आली.

"आवं!"

आली! शेवटी आलीच! कुणी का असेना, हाक येतेच! मान राखायला मी अजून एक पाऊल पाण्यात टाकलं आणि सावकाश वळलो. सरपंचबाई दारात उभ्या होत्या.

"चाललायसा तसंच, तर बादली घिऊन जावा. आज मला मीटिंग हाय."

मी बादली घेतली. घासाघीस केली नाही.